रायगडचा रोपवे: पेडणे-डिचोलीहून निघण्यापूर्वी

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या वाचकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. रायगडच्या रोपवेचे तिकीट आधी काढावे लागते का? आईचे गुडघे दुखतात, तिला वर नेता येईल का? पेडण्याला रेल्वेत बसलो तर उतरायचे कुठे? मागच्या खेपेस वाऱ्यामुळे रोपवे बंद होता, अशा वेळी पैसे परत मागता येतात का? आणि मधूनच एखादा विचारतो, एवढ्या लांब कशाला जायचे, आपल्या गोव्यात नाही का असा रोपवे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही. डोंगरमाथ्यावर नेणारा प्रवासी रोपवे गोव्यात आजघडीला नाही. पणजीहून रेईश मागूशला मांडवीवरून जाणाऱ्या रोपवेची चर्चा आपण कित्येक वर्षे ऐकतो आहोत, पण तो झालाच तरी नदी ओलांडून देईल, डोंगर चढवणार नाही. तेव्हा पायऱ्या न चढता गडमाथा गाठायचा तर उत्तर गोव्यातल्या माणसाला रायगडच गाठावा लागतो. डिचोलीकरांना तर त्याचे अगत्य जरा जास्तच असते. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला शिवाजी महाराजांच्या आज्ञेने शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली, आरंभ झाला. तिथला शिलालेख पाहिलेला माणूस एकदा तरी गड पाहायचा म्हणतोच.

पण रोपवेची फेरी जेमतेम चार-पाच मिनिटांची असते. दिवस बिघडतो तो त्याच्या आधीच्या रांगेत, वरच्या चालण्यात आणि परतीच्या खोळंब्यात. म्हणून खालची सगळी तयारी त्या तीन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून करा.

रोपवेने नेमके काय वाचते?

रायगड समुद्रसपाटीपासून साधारण आठशे वीस मीटर उंच. चित दरवाजाकडून पायी चढायचे तर दीड हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत. धडधाकट माणसाला दीड-दोन तास लागतात. रोपवे १९९६ पासून चालू आहे. त्याचे खालचे ठाणे पाचाडच्या पुढे हिरकणीवाडीत आहे. तिथून सुमारे साडेसातशे मीटर लांबीच्या दोरावरून ट्रॉली चारशे मीटरहून अधिक उंची चढून जाते. ज्या कड्यावरून हिरकणी गवळण रात्री उतरल्याची कथा सांगतात, त्याच बाजूला आपण काचेआड बसून वर जातो, ही गंमत लहान मुलांना जरूर सांगा.

म्हणजे वाचते ती खालपासून वरपर्यंतची चढण. वरचा गड मात्र पायीच पाहायचा असतो, आणि नेमके इथेच पुष्कळ कुटुंबांचे गणित चुकते. ट्रॉलीतून उतरल्यावर मेणा दरवाजातून आत जायला पुन्हा पायऱ्या आहेत. पुढची वाट दगडी, उंचसखल. जगदीश्वराचे देऊळ आणि महाराजांची समाधी राजसदरेपासून किलोमीटरभर तरी लांब आहे. जाऊन-येऊन दोन किलोमीटर झाले. वाटेत सावली फारशी नाही. चाकाची खुर्ची वर नेली तरी ती फिरवायला जागा मिळत नाही.

आईवडिलांना न्यायचे की नाही हे ठरवायला माझी एक साधी कसोटी आहे. घरी दोन मजल्यांचा जिना न थांबता चढवून पाहा, मग सकाळच्या वेळी गावातल्या चढउताराच्या रस्त्यावर दोन किलोमीटर चालवून पाहा. हे जमले तर पूर्ण गड होईल. जिना जमला पण चालणे जमले नाही, तर राजसदर, नगारखाना आणि होळीचा माळ एवढे होईल, तेवढ्यासाठीही जाणे सार्थकी लागते. जिनाच जमत नसेल तर लेखाच्या शेवटी दुसरे पर्याय दिले आहेत, ते पाहा.

यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये:

- अलीकडे हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, किंवा चढाला छातीत दुखते असे लोक
- गरोदर स्त्रिया, विशेषतः शेवटच्या महिन्यांत
- उंचीची किंवा बंद जागेची खरोखरच धास्ती असलेले. ट्रॉली निघाली की मध्ये उतरता येत नाही. 'बसल्यावर जाईल भीती' हा घरच्यांचा आग्रह अशा वेळी आवरावा.

दिवस कोणता धरावा

उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्यातही मंगळवार-बुधवार-गुरुवार. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात. एका सहलीच्या पाच-सहा बसेस आल्या तरी रोपवेची रांग दोन तासांनी लांबते. म्हणून त्या महिन्यांत तरी सकाळी पहिल्या फेरीलाच हजर राहा.

पुढील दिवस ज्येष्ठांना आणि लहान मुलांना घेऊन जाण्याचे नव्हेत:

- ६ जून आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. राज्याभिषेक सोहळा तारखेनेही होतो आणि तिथीनेही. दोन्ही दिवशी गडावर पाय ठेवायला जागा नसते.
- चैत्र पौर्णिमा. महाराजांची पुण्यतिथी गडावर या तिथीला होते.
- १९ फेब्रुवारी, आणि शनिवार-रविवारला जोडून आलेली कुठलीही सुट्टी.
- २० मार्च. या दिवशी चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ महाडला मोठा समुदाय जमतो. तळे पाहायलाच जायचे असेल तर अवश्य जा, पण त्याच दिवशी रायगड धरू नका. महाडला मुक्कामाची जागा मिळणार नाही.
- चवथीच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे विसर्जनाचे दिवस. गडावर गर्दी कमी असते खरी, पण मुंबईचे चाकरमानी याच महामार्गावर आणि याच गाड्यांत असतात.

आता पावसाळा. 'पावसात रायगड बघावा' असे सांगणारे पुष्कळ भेटतील. दिसतोही तो सुंदर, पण धुके असेल तर हाताच्या अंतरावरचे दिसत नाही. वारा वाढला की रोपवे थांबवतात, तो थांबवलाच पाहिजे. ७ जुलै २०२४ ला गडावर इतका पाऊस झाला की पायऱ्यांवरून लोंढे वाहू लागले आणि पर्यटक अडकून पडले. त्यानंतर प्रशासनाने काही काळ गडावर जायला बंदी घातली. जून ते सप्टेंबर या काळात जाणारच असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी आणि महाडला पोचल्यावर पुन्हा, असे दोनदा रोपवेच्या कार्यालयात फोन करून विचारा. पायऱ्यांचा पर्याय पावसात हिशेबातच धरू नका.

जायचे कसे

*रस्त्याने.* पेडणेकरांनी पात्रादेवी ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरायचा, तो सोडायचा थेट महाडला. डिचोलीकरांनी म्हापशाच्या वाहतुकीत शिरण्याचे कारण नाही. अस्नोडा, दोडामार्ग करत बांद्याला महामार्गाला लागता येते. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. काशेडीचा बोगदा झाल्यापासून खेड-पोलादपूरमधला घाट वाचतो, तरीही चहापाणी धरून सात-आठ तास हाताशी ठेवा. महाडहून पाचाड साधारण पंचवीस किलोमीटर. इंधन आणि रोख पैसे दोन्ही महाडलाच भरून घ्या.

नकाशात नुसते 'रायगड' टाकू नका. रायगड हे जिल्ह्याचेही नाव आहे आणि त्या जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला आहे. 'रायगड रोपवे, हिरकणीवाडी' असेच टाका. बसमध्ये किंवा रिक्षावाल्याला सांगतानाही 'पाचाड' म्हणा, घोटाळा होत नाही.

एका दिवसात जाऊन त्याच दिवशी वर चढण्याचा बेत करू नका. पहाटे डिचोलीहून निघालेला माणूस दुपारी रांगेत उभा राहतो, तेव्हा परतीच्या शेवटच्या फेरीची चिंता त्याला वरचे काही पाहू देत नाही. पाचाड किंवा महाडला मुक्काम आणि सकाळी गड, हाच क्रम बरा.

*रेल्वेने.* पेडणेकरांना पेडणे स्थानक, डिचोलीकरांना थिवी. उतरायचे माणगावला. काही गाड्या वीरलाही थांबतात. वीर महाडला जवळ, पण तिथून वाहन मिळणे दुपारनंतर कठीण. माणगावला रिक्षा आणि जीप मिळतात. गाडी निवडताना तीन गोष्टी पाहा:

१. माणगावचा थांबा आहे ना? कोकण रेल्वेच्या बऱ्याच जलद गाड्या चिपळूण किंवा रत्नागिरी सोडली की थेट पनवेल गाठतात.

२. पोचण्याची वेळ. सकाळी मडगावहून सुटणारी मांडवी एक्सप्रेस दिवसाउजेडी नेते. संध्याकाळच्या गाडीने गेलात तर माणगाव मध्यरात्रीनंतर येते, आणि म्हातारी माणसे, मुले, पिशव्या घेऊन पहाटेपर्यंत फलाटावर बसावे लागते.

३. पावसाळी वेळापत्रक. कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळ्यात सावकाश धावतात आणि वेळा बदलतात. उन्हाळ्यातल्या प्रवासाची आठवण धरून पावसात स्थानकावर गेलात तर गाडी निघून गेलेली असते.

आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. सुट्टीच्या दिवसांचे तिकीट त्याच सकाळी काढावे लागते, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

*रात्रीच्या बसने.* पणजी-म्हापशाहून मुंबईला जाणाऱ्या खासगी बसेस सगळ्याच महाडवरून जात नाहीत. पुष्कळ कोल्हापूर-पुणे मार्गे जातात. तिकीट काढण्यापूर्वी 'महाडला उतरवणार का आणि किती वाजता' हे विचारून घ्या, आणि उत्तर तिकिटावर लिहून मागा.

तिकीट आणि रांग

रोपवे कसा चालतो हे थोडे कळले तर रांगेतला अर्धा वैताग कमी होतो. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या ट्रॉल्या एकाच दोराने जोडलेल्या आहेत. एक जोडी वर पोचते तेव्हाच दुसरी खाली टेकते. मध्ये जादा ट्रॉली घुसवता येत नाही, आणि तासाला किती माणसे जातील हे ठरलेले असते. त्यामुळे तुमच्या पुढे तीनशे माणसे असली, तर ओळख काढून किंवा आवाज चढवून ती रांग हलत नाही.

- सकाळी खिडकी उघडण्यापूर्वी अर्धा तास पोचा. पहिल्या फेऱ्यांत गेलात तर ऊन चढण्याआधी समाधीपर्यंत जाऊन येता येते.
- आधी तिकीट काढण्याची सोय कुठून करायची ते रोपवेच्या कार्यालयालाच विचारा. मधल्या दलालांना किंवा अनोळखी दुव्यांना पैसे पाठवू नका.
- तिकिटावरचा क्रमांक किंवा वेळ नीट पाहून ठेवा. क्रमांक पुकारला तेव्हा तुम्ही चहाच्या टपरीवर असाल तर फेरी जाते.
- कुटुंबातली सगळी माणसे एकाच ट्रॉलीत मावतीलच असे नाही. वरच्या ठाण्यावर थांबायचे, पुढे जायचे नाही, हे आधी सांगून ठेवा. फोनच्या रेंजवर विसंबू नका.
- लहान मुलांना किती वयापर्यंत तिकीट नाही, ज्येष्ठांना वेगळी रांग आहे का, हे खिडकीवरच विचारा. वयाचा पुरावा जवळ असू द्या.
- गडाच्या प्रवेशाचे तिकीट वेगळे. गड भारतीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना खात्याचे हे तिकीट लागत नाही.

'जाताना रोपवे, येताना पायऱ्या' हा तरुणांचा आवडता बेत. वाईट नाही, कारण महादरवाजा आणि त्याचे बुरूज फक्त पायऱ्यांच्या वाटेवर दिसतात. रोपवेने जाऊन-येऊन परतलेला माणूस गडाचा मुख्य दरवाजाच न पाहता घरी येतो. पण उतरल्यावर तुम्ही चित दरवाजाशी पोचता, आणि गाडी असते हिरकणीवाडीच्या वाहनतळावर. दमलेल्या पायांनी तेवढा डांबरी रस्ता पुन्हा चालावा लागतो. गाडीचा चालक खाली थांबणार असेल तर त्याला चित दरवाजाशी बोलावून ठेवा. एकेरी तिकीट हवे असल्यास जातानाच सांगा. परतीचे तिकीट काढून मग पायी उतरलात तर उरलेले पैसे मिळण्याची अपेक्षा ठेवू नका.

वर पोचल्यावर पहिला तास

आधी परतीच्या रांगेचा नियम आणि शेवटची फेरी विचारा, मगच ठाण्यातून बाहेर पडा. दुपारी तीननंतर खाली जाणाऱ्यांची गर्दी एकदम वाढते. ज्येष्ठ बरोबर असतील तर दीड-दोनच्या सुमारास परतीच्या रांगेत असलेले बरे.

मेणा दरवाजातून आत गेलात की राणीवशाची जोती लागतात, पलीकडे राजवाड्याचा चौथरा आणि राजसदर. सिंहासनाच्या जागी आता मेघडंबरी आहे. इथे घाई करू नका. समोर नगारखान्याचा उंच दरवाजा आहे. घरातल्या एकाला तिथे उभे करा आणि दुसऱ्याला सिंहासनाजवळ. मग दरवाजाशी उभ्या असलेल्याला हळू आवाजात बोलायला सांगा, कागद चुरगाळायला सांगा. एवढ्या अंतरावरून ते ऐकू येते. सकाळी गर्दी नसतानाच हे करता येते. अकराला शाळेची सहल आली की कोणाचेच कोणाला ऐकू येत नाही.

नगारखान्यातून बाहेर पडल्यावर होळीचा माळ, तिथे महाराजांचा पुतळा. शिरकाई देवीचे छोटे देऊळ जवळच आहे. इथून पुढे बाजारपेठ: समोरासमोर दोन रांगांत उंच जोत्यांची दुकाने. 'घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून जोती उंच' असे वाटाडे रंगवून सांगतात. ऐकायला झकास, पण अभ्यासक यावर एकमताने मान डोलावत नाहीत. मुलांना सांगाल तेव्हा 'असे म्हणतात' एवढे जोडा. बाजारपेठेच्या टोकापासून वाट उतरत जगदीश्वराकडे जाते. उतरताना सोपी वाटणारी ही वाट परतताना चढाची होते, आणि ती दुपारच्या उन्हात येते. ज्यांना जपून चालायचे आहे त्यांनी इथेच ठरवावे: पुढे जायचे, की होळीच्या माळावर ताक पीत बसायचे. बसणाऱ्यांजवळ एक माणूस थांबवा.

टकमक टोकाची वाट वेगळी आहे आणि टोकाला वारा जोराचा असतो. मुलांचा हात सोडू नका; कठड्याबाहेर जाऊन फोटो काढणाऱ्यांचे अनुकरण तर नकोच. ड्रोन उडवायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती नसेल तर तो घरीच ठेवा.

वाटाड्या घ्यावा का? घ्यावा. वर दिसतात ती बहुतेक जोती. सांगणारा नसेल तर तासाभरात 'सगळे सारखेच' वाटू लागते. पैसे आणि कुठवर नेणार, समाधीपर्यंत की नगारखान्यापर्यंत, हे सुरुवातीलाच ठरवा.

जेवणाचे म्हणाल तर वर स्थानिक लोक पिठले-भाकरी, ठेचा, ताक देतात. मासळीशिवाय घास न उतरणाऱ्या मंडळींनी तेवढा एक दिवस निभावून न्यावा. वर जातानाच सांगून ठेवलेत तर परतताना गरम भाकरी मिळते.

खाली आल्यावर पाचाडला जिजाऊंची समाधी आणि वाड्याचे अवशेष आहेत. राज्याभिषेकानंतर अवघ्या काही दिवसांत, १७ जून १६७४ रोजी, त्यांचे इथेच निधन झाले. गाडी थेट तिथवर जाते, म्हणून गडावर न जाऊ शकलेल्या आजी-आजोबांनाही हे दर्शन घडवता येते.

ट्रॉली मध्येच थांबली तर

चढणाऱ्या ट्रॉलीचा वेग मध्येच कमी होणे, क्षणभर थांबणे, हेलकावा बसणे हे नेहमीचे आहे. वर किंवा खाली कोणाला चढायला वेळ लागत असेल तरी ती थांबते. जास्त वेळ थांबली तर:

- दार उघडण्याचा प्रयत्न करू नका, उभे राहू नका, सगळे एका बाजूला सरकू नका.
- ट्रॉलीत लिहिलेला क्रमांक असेल तर त्यावर फोन करा, नाहीतर ११२.
- लहान मुलांना आणि रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांना पाणी द्या. औषधाची एक मात्रा खिशात असावी ती याचसाठी. गाडीच्या डिकीतल्या गोळीचा इथे उपयोग नाही.
- खालून सूचना येईपर्यंत बसून राहा.

१० एप्रिल २०२२ ला झारखंडमधल्या देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर रोपवेचा अपघात झाला. माणसे रात्रभर ट्रॉलीत अडकली आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी त्यांना काढावे लागले. सुटकेच्या वेळीही जीव गेले. ही आठवण भीती घालायला काढलेली नाही. सुटकेचे काम प्रशिक्षित माणसांनाही किती अवघड असते हे त्यातून कळते. म्हणून आपण होऊन काही करू नये. आणि कर्मचारी 'वारा आहे, थोडे थांबा' म्हणाला की त्याच्याशी हुज्जत घालू नये. दूरवरून आलोय, वेळ नाही, ही कारणे वाऱ्याला कळत नाहीत.

बंद पडला, पैसे अडले, इजा झाली: तुमचे हक्क

तिकीट काढले की तुम्ही ग्राहक झालात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ रोपवेलाही लागू आहे. व्यवहारात असे करा:

*वर जाण्यापूर्वीच सेवा बंद झाली.* पूर्ण रक्कम मागा. 'दुसऱ्या दिवशी चालेल' असे सांगितले आणि तुमची रेल्वे आज रात्रीची असेल, तर ते स्पष्ट सांगून परतावा मागा. हवामानामुळे सेवा थांबवणे हा दोष नव्हे, पण न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणे हा वेगळा प्रश्न आहे.

*वर असताना बंद झाली.* तिकिटावर किंवा साध्या कागदावर वेळ आणि कारण लिहून, सही-शिक्का मागा. सही द्यायला नकार दिला तर फलकाचा आणि तिकिटाचा फोटो काढून ठेवा. पायी उतरायचे ठरवलेत तर उजेड असतानाच निघा. परतीच्या अर्ध्या पैशांचे भांडण खाली आल्यावर करता येते. ज्येष्ठ असतील तर मात्र ठाणे सोडू नका, त्यांना खाली कसे नेणार हे कर्मचाऱ्यांना विचारत राहा.

*इजा झाली.* आधी १०८. मग महाडच्या सरकारी दवाखान्यात नोंद. गोव्यात परतून दुसऱ्या दिवशी दाखवलेल्या जखमेचा तिथल्या घटनेशी संबंध जोडणे कठीण जाते.

*तक्रार.* पहिली पायरी लेखी तक्रार, कंपनीकडे, प्रत जपून. दुसरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. यासाठी महाड-अलिबागला खेटे घालायचे कारण नाही: तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागण्याची सोय या कायद्याने केली आहे, म्हणजे पेडणे-डिचोलीच्या माणसाला उत्तर गोव्याचा जिल्हा आयोग चालतो. 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. दोनशे-तीनशे रुपयांसाठी कोण आयोगात जातो, असे बहुतेकांना वाटते. खरे तर हेल्पलाइनवर नोंद केल्यावरच पुष्कळ प्रकरणे मिटतात, म्हणून ती पायरी गाळू नका.

बरोबर काय असावे

पाणी, टोपी, ताठ तळाचे बूट (चपलांनी पाय मुरगळतो), थोडी रोख, ओळखपत्रे, औषधे आणि भरलेला फोन. पाण्यासाठी धातूची बाटली न्या. प्लॅस्टिक वर टाकून येऊ नका. वानरे हातातली पिशवी ओढतात, म्हणून खाऊ पाठपिशवीत.

आणि गोंयकारांसाठी खास: गाडीत दारू ठेवू नका. आपल्याकडे जी बाटली कोणाच्या लक्षातही येत नाही, ती पात्रादेवीपलीकडे परवान्याशिवाय नेणे गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे, तिथे आईवडिलांसह गाडी बाजूला घ्यावी लागली तर सहलीचा पहिलाच दिवस चौकीत जाईल. गडावर दारू पिणे तर थेट कारवाईला निमंत्रण.

रायगड झेपत नसेल तर

*पन्हाळा.* कोल्हापूरजवळचा हा गड असा की गाडी थेट माथ्यावर जाते आणि बहुतेक ठिकाणे रस्त्यालगत आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना मी रायगडाआधी पन्हाळाच सुचवतो. सावंतवाडी-आंबोली मार्गे एका दिवसात पोचता येते.

*आंबोली.* नुसती उंची आणि दरीच पाहायची असेल तर पेडण्याहून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येते. कडे पाहायच्या जागांपर्यंत गाडी जाते.

*सप्तशृंगी, वणी.* कुलदेवीचे दर्शन राहिलेल्यांसाठी. नाशिक जिल्ह्यातल्या या गडावर २०१८ पासून फनिक्युलर ट्रॉली आहे. ती दोरावर लटकत जात नाही, उतारावर टाकलेल्या रुळांवरून ओढली जाते, त्यामुळे लोंबकळण्याची भीती वाटणाऱ्यांना ती सोसते. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात तिथली रांग रायगडालाही मागे टाकते, तेव्हा ते दिवस वगळा. गोव्याहून जायचे तर येण्याजाण्याचे दोन दिवस वेगळे धरा आणि नाशिकला मुक्काम करून पहाटे गडाकडे निघा.